बारकी वायर

विजेच्या कुठल्याही कामाला हात लावण्याआधी ते डावा हात पँटच्या खिशात घालायचे. तुम्ही पहिल्यांदा बघितलं असतं तर म्हणाला असता, काय हा रुबाब! मीही तेच म्हणालो होतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी डिस्पॅचला होतो आणि ते वायरमन. माग बंद पडलेले, मालक बोंबलतायत, आणि हा माणूस एक हात खिशात घालून पॅनेलसमोर उभा, जत्रेला आल्यासारखा.

एकदा न राहवून विचारलंच.

"एका हातानं शॉक बसला तर आपण शिव्या देतो," ते म्हणाले. "दोन हातानं बसला तर छातीतनं जातोय. मग बाकीचे रडतेत. आपल्याला शिव्याच द्यायच्यात की."

ही सवय पुढे इतकी मुरली की लग्नात अक्षता टाकतानाही त्यांचा डावा हात खिशातच असायचा.

दुसरी सवय चिठ्ठ्यांची. कारखान्यातल्या प्रत्येक वायरीला त्यांनी टॉवेलच्या दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली होती. ‘पंखा तीन. मधेच थांबतो.’ ‘मालकाची केबिन. विचारून.’ उद्या मी नसलो तर दुसऱ्यानं काय देव बोलवायचा का, असं त्यांचं म्हणणं. त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. कारखान्यात वायरमन, आमच्या गल्लीतही वायरमन. आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे मला ते दोन्हीकडे मिळाले.

त्यांच्या गच्चीवर दोन उंच पाइपांना बांधलेली एक लांब तार होती. नवीन राहायला आलो तेव्हा मला वाटलं, एवढ्या उंचावर हे लोक कपडे वाळत घालतात तरी कसे? मग कळलं की तो एरियल आहे. सरकारी परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचा परवाना काढला होता. कारखान्याला जाण्याआधी रोज सकाळी सात वाजता ते माइक हातात घेऊन अकलूजच्या एका शाळेतल्या गुरुजींशी बोलायचे. वीस वर्षं रोज. भेट मात्र एकदाही नाही, आणि अकलूज काय हो, तीन तासांची एसटी.

"अहो, मग फोन करा की," मी म्हणालो होतो.

"फोनवर माणूस काम असलं की बोलतोय. हितं काम नसलं की."

बोलणं तरी काय असायचं? पाऊस हाय का, चहा झाला का, बीपीची गोळी घेतली का. याच क्रमानं. शेवटी एकमेकांना आवाज कसा येतोय त्याचे आकडे द्यायचे. पहिला आकडा शब्द किती कळतात त्याचा, तो पाचापर्यंत. दुसरा आवाजाच्या जोराचा, तो नवापर्यंत. या लोकांत भिडेखातर सगळ्यांनाच ‘पाच-नऊ’ देऊन टाकायची पद्धत आहे म्हणे. वायरमनना त्याची लई चीड. "ऐकू आलं तर आलं म्हणा, न्हाय तर न्हाय म्हणा. लाजायचं काय त्यात?" गुरुजी मात्र मास्तर माणूस, फुकट मार्क देत नसत. "आज चार-सहा आहात, वायरमन," असं त्यांचं स्पष्ट. म्हणून तर यांचा जीव.

मग गुरुजी निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले. सातवा मजला, एरियल म्हणजे बाल्कनीत लोंबणारी सात-आठ फुटांची तार, आणि चहूबाजूंनी लिफ्टची, टीव्हीची, चार्जरची खरखर. गुरुजींचा आवाज बारीक का होईना, इथे यायचा. यांचा तिथे त्या खरखरीत बुडून जायचा. आकडे घसरत घसरत दोन-तीनवर आले. एका सकाळी खिडकीतून मीच ऐकलं, गुरुजी म्हणाले, "वायरमन, आता काही खरं नाही. सेट विकून टाकावा म्हणतो."

त्या दिवशी वायरमननी डबा उघडला नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मलाच खायला लागली. संध्याकाळी सायकल काढताना म्हणाले, "त्यांनी सेट विकला तर मी सकाळी सातला काय करू, सांगा."

आणि त्यांनी अँप्लिफायर करायला घेतला. परवान्यात बसेल एवढ्याच ताकदीचा, पण सेटच्या कित्येक पट. आठ महिने लागले. सेटला ते धाकटा म्हणायचे, या नव्या डब्याला थोरला.

थोरला जोडला त्या रविवारी मी तिथे होतो. माझी बायको गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होती, सकाळी घरात करमेना म्हणून जाऊन बसलो. धाकट्याच्या पाठीतून एक जाड केबल थोरल्यात गेली, थोरल्यातून दुसरी जाड केबल गच्चीवरच्या तारेला. दोघांना मिळून एक अर्थिंग. प्रत्येक वायरीला चिठ्ठी. शेवटी एक बारकी वायर राहिली, बघून कोणी विचारणारही नाही अशी.

"सगळं हिच्यावर हाय," ते म्हणाले. "मी माइकचं बटण दाबलं की ही थोरल्याला सांगती, बोलायलेत, दार उघड."

"आणि नाही लावली तर?"

"काय हुत न्हाय. थोरला दिवे लावून बसतोय आन् धाकट्याचा आवाज हाय तसाच पुढं जातोय."

मग धाकट्याचा जोर कमी केला. थोरल्यापुढं हळूच बोलायचं, न्हायतर थोरला जळतोय, म्हणाले. आधी तेलानं भरलेल्या एका पत्र्याच्या डब्यावर चाचणी झाली. तो खोटा एरियल, त्यातून आवाज बाहेर जात नाही. "आधी डब्यात बोलायचं, मग दुनियेत." मग खऱ्या तारेवर घेतलं, खिशातला हात अजून खोल घातला आणि बटण दाबून म्हणाले, "गुरुजी, पाऊस हाय का?"

पलीकडून गुरुजींचा आवाज आला, "वायरमन! अहो, पाच-आठ! शेजारी बसल्यासारखे बोलताय!"

वायरमननी माझ्याकडे बघितलं नाही. चष्मा काढून तो शर्टाला उगाच पुसत बसले. मला फार बरं वाटलं होतं त्या दिवशी, आणि ते सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात मी कसा वागलो तेही सांगायचं आहे.

मंगळवारी बायको घरी आली. बुधवारी सकाळी मी दुधाला गेलो असताना आमच्या दाराची बेल वाजली. आदल्या दिवशीच बाजारातून आणून लावलेली, चिमणीसारखी चिवचिवणारी स्वस्तातली बेल. मी आलो असेन म्हणून ती वॉकर धरून उठली. दारात कोणी नाही. परत जाऊन बसली, तर पुन्हा चिवचिव. तिसऱ्यांदा उठताना पाय घसरला, चौकट हाताला लागली म्हणून वाचली. मी दूध घेऊन दारात आलो तेव्हा ती चौकट धरून उभी होती आणि पलीकडून वायरमनचा आवाज येत होता. ते एक शब्द बोलले की बेल एकदा चिवचिवत होती.

मी पिशवीसकट त्यांच्या घरात घुसलो.

"तुमच्या हौसेपायी माझी बायको मेली असती आज!"

ते उठून उभे राहिले. "बेल बघू का जरा? थोरल्याचा जोर शिरतोय तिच्यात. दहा मिन्टाचं..."

"माझ्या घरातल्या एकाही वायरीला हात लावायचा नाही!"

त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघत राहिल्या. वायरमन खाली बघत म्हणाले, "बरं. वाजणार न्हाय."

आणि खरंच वाजली नाही. सकाळी खिडकीतून थोरल्याचे दोन लाल दिवे दिसायचे, आतला पंखा घुमायचा, बोलणं चालायचं. गुरुजी म्हणायचे, "पाच-नऊ, वायरमन, पाच-नऊ!" मला वाटलं, हुशार माणूस, केली असेल काहीतरी युक्ती. एकदा वायरमन म्हणाले, "गोळ्या संपल्यात, कालपासनं घेतली न्हाय," आणि गुरुजी उत्तरले, "वा, वा, छान!" मी भिंतीअलीकडे मोठ्यानं हसलो. वायरमन म्हणाले, "व्हय गुरुजी, छान."

दर रविवारी ते मला न चुकता विचारायचे, "वैनींचा गुडघा काय म्हणतोय?" गुडघा तीन महिन्यांत ठणठणीत झाला होता, ती मंडईतून पिशव्या घेऊन चालत यायची. पण मी पडलो कुरकुऱ्या. चांगलं आहे म्हणायला माझी जीभ वळत नाही. "आहे आपलं," मी म्हणायचो, "दुखतोय अधूनमधून." ते मान हलवायचे. असं दीड वर्ष चाललं.

गेल्या मार्गशीर्षात ते गेले. दुपारी जेवून खुर्चीत बसले ते बसलेच. डावा हात खिशात होता.

तेराव्याला पुण्याहून एक ठेंगणे, पांढऱ्या टोपीतले गृहस्थ आले. आवाजावरून मी ओळखलं, गुरुजी. जेवणं उरकल्यावर त्यांनी अक्कांना विचारून सेट बघायला मागितला. मी त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेलो. ते वायरमनच्या खुर्चीत बसले.

"तुम्हाला म्हणून सांगतो," ते म्हणाले. "शेवटचं दीड वर्ष मला त्यांचा एक शब्द कळत नव्हता. थोरला जोडला तेव्हा चार दिवस लख्ख ऐकू आलं, मग पुन्हा सगळं बुडालं. खरखरीच्या मागे कोणीतरी बोलतंय एवढंच समजायचं. त्या माणसानं माझ्यासाठी आठ महिने घालवलेले. ऐकू येत नाही म्हणायचं कुठल्या तोंडानं? पाऊस, चहा, गोळी, क्रम पाठ होता. देत गेलो उत्तरं. जन्मात पहिल्यांदा फुकट मार्क दिले."

ते उठले, थोरला पुढे ओढून त्याच्या पाठीमागे डोकावले. वाकण्याआधी त्यांनीही डावा हात खिशात घातला. त्यांना हे कोणी शिकवलं ते मी विचारलं नाही.

"हे काय?" ते म्हणाले.

बारकी वायर लावलेलीच नव्हती. नीट गुंडाळून, टॉवेलच्या दोऱ्यानं बांधून थोरल्याच्या पाठीला अडकवली होती. गुरुजींनी चिठ्ठी उजेडात धरून वाचली.

"‘वैनींचा गुडघा. लावू नये.’" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कोण वैनी?"

मी सगळं सांगितलं. बेल, दूध, मी काय बोललो ते, आणि दर रविवारचं माझं ‘दुखतोय अधूनमधून’. सांगताना मला माझीच लाज वाटत होती. माझ्या तोंडातून एकदा ‘बरा आहे’ निघालं असतं तर दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना ऐकलं असतं. गुरुजी रागावले नाहीत, तेच जड गेलं.

"बेल बदलली असती तर भागलं असतं," एवढंच म्हणाले. "दहा मिनिटांचं काम."

मग त्यांनी अक्कांना हाक मारून विचारलं, एकदा चालू करू का? अक्का दारात आल्या, डोळ्यांना पदर लावून मानेनंच हो म्हणाल्या. गुरुजींनी दोरा सोडून बारकी वायर जागेवर बसवली. तीन मिनिटं थोरल्याचे व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, तापू दिले. आधी थोडा वेळ नुसतं ऐकलं, कोणी बोलत नाही ना ते बघितलं. मग माइक तोंडाशी नेला.

"वायरमन," ते म्हणाले, "मला ऐकू येत नव्हतं हो."

भिंतीपलीकडे आमची बेल चिवचिवली.

मला तिथे उभं राहवेना. बाहेर आलो, आमच्या दारापर्यंत पोचलो तोच बायकोनं आतून दार उघडलं.

"तुम्हीच होय!" ती म्हणाली. "कितीदा वाजवायची ती बेल?"

"मी नाही वाजवली," मी म्हणालो. माझे दोन्ही हात तिच्यासमोर होते, आणि बेल पुन्हा वाजली.