बाळकृष्णाचा अर्धा गाल

देवाच्या तोंडाला थुंकी लावणं हा माझ्या अभ्यासाचा भाग होता. घरात मात्र हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कानडी मुलखातल्या आमच्या जयनगरातली झाडून सगळी मुलं कॉम्प्युटर शिकत होती आणि मला जुनी चित्रं दुरुस्त करायची होती. त्याच्या पुढच्या शिक्षणाला जायचं तर पदवीला रसायनशास्त्र, जोडीला कलेचा इतिहास, चित्रकलेचा सराव आणि थोडं हातानं केलेलं काम, एवढं लागायचं.

"तीन अर्धवट विषय मिळून एक पूर्ण नोकरी होते का?" बाबांनी विचारलं. मग त्यांनीच अट घातली. आमच्या देवघरातला म्हैसुरी चित्रातला बाळकृष्ण समई-उदबत्तीच्या धुरानं काळाठिक्कर पडला होता. "गोकुळाष्टमीला तो स्वच्छ दिसला पाहिजे. नाही जमलं तर मुकाट्यानं कॉम्प्युटरचा क्लास."

त्या चित्रातले दागिने उठावाच्या लेपावर सोन्याचा वर्ख लावून केलेले होते आणि तो लेप पाण्यानं सुटतो. आमचे कॉलेजातले सर म्हणायचे, "अशा चित्राला सगळ्यात सौम्य औषध म्हणजे आपली लाळ. काडीला कापूस गुंडाळा, जिभेवर जरासा ओलवा, हलकेच फिरवा."

अष्टमीच्या सकाळी अक्का आंघोळीला गेल्याचं बघून मी कामाला लागले. (अक्का म्हणजे बाबांची थोरली बहीण. त्यांचं सोवळं असं, की देवघराकडे तोंड करून कुणी शिंकलं तरी त्या पुन्हा आंघोळ करत.) अर्धा गाल उजळला. मी काडी पुन्हा तोंडात घातली आणि मागून आवाज आला.

"काय करायलीस गं?"

काडी तोंडात, हात बाळकृष्णाच्या गालापाशी. खोटं बोलायला जागाच नव्हती.

अक्का ओरडल्या नाहीत, हे जास्त भयंकर होतं. त्या शांतपणे आत गेल्या आणि गंगाजलाचा तांब्या घेऊन आल्या. "सरक. देव उष्टा केलायस. शुद्ध करते."

तो तांब्या ओतला असता तर बाळकृष्णाचे दागिने ओघळून पाटावर आले असते. मी चित्रापुढे हात पसरून उभी राहिले.

"अक्का, पाण्यानं सोनं सुटेल."

"गंगाजलानं?"

तेवढ्यात बाबा आले आणि अक्कांनी त्यांना सगळं सांगितलं. "थुंकी?" ते म्हणाले. "कॉलेजात हे शिकवतात?"

"लाळेत एन्झाइम असतात, बाबा..."

"क्लासची चौकशी आजच करतो."

संपलं. मला रडू फुटणार, इतक्यात आई स्वयंपाकघरातून आली आणि चित्राकडे बघतच राहिली. "अक्का, गाल निळा आहे हो. आपण आजवर काळाच समजत होतो."

अक्कांनी वाकून बघितलं. तांब्या तसाच तिरका.

"यशोदेनं तरी काय केलं असतं?" आई म्हणाली. "पदराला थुंकी लावूनच पुसलं असतं ना?"

"यशोदा आई होती. ही कोण?" अक्का म्हणाल्या. पण अर्धंच तोंड पुसलेलं लेकरू त्यांनाही बघवेना. अखेर तांब्या खाली ठेवला. "सरी, बरं. आंघोळ कर, सोवळं नेस. आणि चित्र होईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. उपाशी तोंडाचं तेवढं चालेल."

आता शास्त्र बाजूलाच राहिलं. उपास, वर ओलं सोवळं, मागे बाबा येरझाऱ्या घालतायत. माझ्या तोंडात एन्झाइम सोडाच, ओलही उरली नाही! कापूस जिभेला चिकटायला लागला. दुसरा गाल काळाच.

अक्कांनी बराच वेळ हे पाहिलं. मग उठल्या, चिंचेचा गोळा घेऊन आल्या आणि माझ्या नाकासमोर धरून बसल्या.

"स्वल्प, जरा बघ. खायची नाही हं."

तोंडाला पाणी सुटलं. दिवेलागणीला बाळकृष्णाचा चेहरा, हार, बाजूबंद सगळं लखलखत होतं. अक्कांचा हात अवघडून गेला होता, पण त्यांनी चिंच खाली ठेवली नव्हती. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि मी पडलेही.

बाबांनी चित्राजवळ जाऊन दोन्ही गाल निरखले. "जा शिकायला," ते म्हणाले. "पण नातेवाईकांना फक्त केमिस्ट्री सांग."

पुढच्या शिक्षणाच्या पहिल्याच दिवशी तिथल्या सरांनी कापसाची काडी हातात दिली. सगळा वर्ग बघत होता. माझ्या तोंडाला कोरड पडली. रसायनशास्त्र, कलेचा इतिहास आणि चित्रकला कोळून प्यायलेली मी गंभीरपणे म्हणाले, "सर, समोर कुणी चिंच धरेल का?"