पारावरची खुर्ची

नळावर, रेशनच्या रांगेत, कुठेही भांडायची वेळ आली की आमच्या वस्तीतल्या बाया माझ्या आईला पुढे करायच्या. तिच्या तोंडाला कुणी लागत नसे. म्हणून तर त्या एक मेला मी शिवणाचं दुकान बंद ठेवून जळगावहून पहिली एसटी धरली. गावात ग्रामसभा होती, पुराचा विषय निघणार होता आणि बोलणार होती माझी आई. मला वाटलं, आता पंचायतवाल्यांची काही खैर नाही.

वाटलं! वाटायला काय जातं?

आमचं गाव चोपडा तालुक्यात, केळीच्या मळ्यांच्या मधोमध. गावाच्या उताराला नाला आणि नाल्याला खेटून आमची बौद्ध वस्ती. वस्तीच्या जरा खाली नाल्यावर फरशी आहे, म्हणजे बुटका पूल. त्याच्या पोटात सिमेंटचे पाईप. आता केळीचा घड कापला की खांबाचा उपयोग संपतो. तो तोडायचा आणि नाल्यात ढकलायचा. सगळे मळेवाले असंच करतात. बांधावर ठेवला तर जागा अडते, कुजवायचा तर कष्ट पडतात, नाला मात्र फुकट. पावसात ते खांब वाहत येतात, फरशीच्या पाईपांत बुचासारखे बसतात, आणि तुंबलेलं पाणी मागे फिरून आमच्या घरांत शिरतं. मळेवाल्यांच्या घरांत शिरत नाही. त्यांची घरं टेकाडावर.

आदल्या पावसाळ्यात पाणी आईच्या खाटेच्या वर आलं होतं. कोठीतली दादर भिजून तिला मोड फुटले. ती सगळी ज्वारी आम्ही गुरांपुढे टाकली. मातीच्या भिंतींनी ओल धरली ती धरलीच. आणखी एक पूर ते घर सोसणार नव्हतं, हे सांगायला इंजिनिअर कशाला हवा? पंचायतीकडे निधी आला होता. त्यातून फरशी तोडा आणि मोकळ्या गाळ्यांचा उंच पूल बांधा, एवढंच आमचं म्हणणं. पण आबांच्या मनात वेगळंच होतं. आबा म्हणजे सरपंचबाईंचे सासरे. शिक्का सुनेचा आणि कारभार सासऱ्याचा. त्यांना त्याच पैशात गावाच्या तोंडाशी आपल्या वडिलांच्या नावाची स्वागत कमान उभारायची होती. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय!

सकाळी आईने न्हाऊन पांढरं लुगडं नेसलं. चुलीपुढे बसून मला भाकरी वाढता वाढता तिची तालीम चालली होती.

"खांब त्यासना, आन् पानी आमना घरमा? आवंदा मी बोलसू. बठ्ठासना तोंडवर बोलसू."

"शिव्या देऊ नको फक्त," मी म्हटलं.

"देसू! कोना बापनं भ्याव शे माले?"

झेंडावंदन झालं आणि सभा मारुतीच्या पाराजवळ भरली. पारावर टेबल, टेबलामागे खुर्च्या. सरपंचबाई डोक्यावरचा पदर सावरत कडेला बसलेल्या, मधल्या खुर्चीत आबा. खाली सतरंज्या. आमची माणसं सतरंजीच्याही मागे, कडुलिंबाच्या सावलीत, जिथे नेहमी बसतात तिथे. कुणी तिथे बसा म्हणून सांगत नाही. सांगायची गरजच ठेवलेली नाही पिढ्यान् पिढ्या. आईचे ओठ हलत होते, घोकणं चालूच होतं.

आता आमच्याकडची एक खोड सांगते. गावात काही असो, सप्ता, शाळेचं गॅदरिंग, नाही तर गटार दुरुस्तीचा नारळ, आधी सत्कार होणार. शाल आणि नारळ दिल्याशिवाय कामाला हात लागत नाही. अर्धी सभा टाळ्या वाजवण्यातच जाते. त्यामुळे आबा उठून म्हणाले, "कामकाजाआधी एक छोटासा सत्कार," तेव्हा मी कंटाळून मान फिरवली.

"गेल्या पुरात घरात पाणी शिरलं, पण ज्या माउलीने धीर सोडला नाही, अशा आपल्या अक्का," आबा म्हणाले आणि त्यांनी थेट माझ्या आईकडे हात केला. "या, अक्का. वर या."

अक्का! जन्मभर तिला ह्या माणसाने "ए बाई" म्हटलं होतं.

आई आधी उठेचना. बायांनी तिला ढकललं. पाराच्या पायरीपाशी जाऊन ती चपला काढून थबकली. तेव्हा आबांनी शेजारची खुर्ची स्वतःच्या हाताने उचलली, पुढे ठेवली, रुमालाने पुसली आणि म्हणाले, "बसा."

ती बसली. अगदी कडेवर, पाठ न टेकता, दोन्ही हात मांडीवर धरून. शाल पांघरली गेली, नारळ हातात आला, मोबाईलवर फोटो निघाले. मी कापडातली माणूस. शाल कसली ते मला लांबूनच कळलं. पॉलिस्टरची, घडीवर पिवळी पडलेली. अशा शाली आमच्याकडे घरोघर फिरत असतात, ह्याच्या सत्कारातली त्याच्या सत्काराला. नंतर पाहिलं तर कोपऱ्यावर कुणाच्या तरी कुंकवाचा डागही होता. तो मी आईला दाखवला नाही.

टाळ्या थांबल्यावर आबांनी खाली उतरा म्हटलंच नाही. तिला तिथेच बसवून ठेवलं आणि विषय काढला. फरशीचं बघू, वरून जादा निधी आला की नक्की बघू, यंदा कमान करून घेऊ, पाहुण्याराउळ्यांत गावाची शोभा होईल. मग ते वळले. "अक्का, सगळ्यात जास्त त्रास तुम्हाला झाला. तुमचं काय म्हणणं? तुम्ही नाही म्हणाल तर कमान रद्द."

सगळा गाव तिच्याकडे बघत होता. मी मनात म्हणत होते, बोल गं माय, आता बोल, दे शिव्या!

आई शालीचं टोक चाचपत राहिली. मग इतक्या मऊ आवाजात बोलली, की तो आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"तुमीन करशात ते बरंच व्हई, आबा."

मी ताडकन उठले. "बरं कसं होईल? घर पडेल तिचं! पाईप तुंबतात तुमच्या खांबांनी, आणि..."

"ताई," आबा हसत म्हणाले, "तुमचं नाव जळगावच्या मतदारयादीत ना? माहेरवाशिणीने दोन दिवस यावं, भरीत-भाकरी खावी. ग्रामसभेत गावच्या मतदारांनी बोलायचं असतं. आणि तुमच्या आईंनीच तर मंजुरी दिली."

लोक हसले. मंजूर, मंजूर म्हणून हात वर झाले. आमच्या माणसांचेही झाले, आई वर बसली होती म्हणून. मला त्या सगळ्यांची चीड आली, आणि सगळ्यात जास्त तिची. सभा सुटल्यावर मी तिच्या हातचं पाणीही न पिता एसटीत बसले.

पाऊस लागायच्या आत कमान उभी राहिली. ऐन श्रावणात सातपुड्यात पाऊस कोसळला आणि खांब आले. नेहमीसारखे पाईपांत बसले. मागची भिंत पडली, तिच्यावर आढं आलं. शेजारच्या पोरांनी आईला वेळेवर विहाराच्या गच्चीवर चढवलं म्हणून माझी आई मला दिसली. दुसऱ्या दिवशी मी पोचले तर एसटीने कमानीपाशीच उतरवलं, पुढे चिखल. कमान कोरडी ठणठणीत. तिच्यावर नवा रंग आणि खाली सुस्वागतम्. मी तिथे उभी राहून मोठ्याने शिव्या घातल्या. आईने सभेत द्यायच्या राहिलेल्या सगळ्या.

घरातलं काही उरलं नव्हतं. आईने एकच वस्तू वाचवली होती. कमरेला गच्च बांधलेली ती शाल.

आता ती जळगावात, पिंप्राळ्याला माझ्याकडे असते. बरेच दिवस मी विचारलं नाही. मग एकदा मशीनवर बसल्या बसल्या माझ्या तोंडून गेलंच. "नळावर दहा जणींना गप्प करायचीस. तिथे काय जीभ झडली होती तुझी? एका खुर्चीपायी घर घालवलंस!"

तिला राग आला नाही. चिंध्यांच्या ढिगातून ती लाल काठ वेगळे करत होती.

"तुन्हा बाप त्या पारनाखाले उभा राहीसनच मरी गया," ती म्हणाली. "त्याना बापबी. माले आबानी सोता खुर्ची दिधी, पुसीसन दिधी. तठे बठेल माणूसना तोंडमाईन भांडण निंघस का, वं?"

मी मशीन चालू केलं. मला रडू येत होतं आणि ते मला दाखवायचं नव्हतं.

माझ्या घरात चार खुर्च्या आहेत. आई अजून खाली फरशीवरच बसते. गुडघे दुखतात, उठताना भिंत धरते, तरी खालीच. मी रोज ओरडते, वर बस म्हणून.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणते. "ती खुर्ची कोनी दिधी नही, ती ते आपलीच शे."