बर्फाखालचा हक्क

२००७च्या उन्हाळ्यात माझं पोस्टिंग अलास्काच्या उत्तरेला होतं, तटरक्षक दलाच्या एका आइसब्रेकरवर. बर्फ फोडत जायचं आणि समुद्राचा तळ मोजायचा, हे काम. तो तळ आपल्याच किनाऱ्याचा पुढचा भाग आहे असं दाखवता आलं, तर खालच्या तेलावर आणि गॅसवर देशाला हक्क सांगता येणार होता. पलीकडचा देशही तेच मोजत होता. त्यांचं जहाज रडारवर रोज दिसायचं. रेडिओवर मात्र दोन्हीकडून शांतता.

डेकवर माझा जोडीदार रेमी, हुद्द्यानं पेटी ऑफिसर. लुइझियानाचा. त्याचे वडील समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला होते.

"देशमुख, इथं तेल लागलं की डॅडची बदली इथंच," तो म्हणायचा. "मग सुट्टीत घरी गेलो तरी डॅड कुठं भेटणार?"

पिस्कॅटवेच्या घरून आईचा आवाज सॅटेलाइट फोनवर तुटत यायचा. "जेवलीस का गं?" एवढं ऐकू आलं की लाइन कट. आम्ही होतो तिथं, उत्तरेला, उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. मला अंधाराचीसुद्धा ओढ लागली होती.

त्या सकाळी जहाजामागची सेन्सरची केबल बर्फात अडकली. केबल ओढणारं यंत्र हळू फिरवायची डेकच्या चीफनं ऑर्डर दिली, "विंच स्लो." केबल ताणली, थरथरायला लागली.

"स्टँड क्लिअर!" चीफ ओरडला.

आम्ही मागे पळालो. केबल तुटून चाबकासारखी उलटली. रेमी दोन पावलं कमी पडला. फटका छातीवर बसला.

धुक्यात हेलिकॉप्टर उडेना. आमच्याकडे मेडिक होता, सर्जन नव्हता. कॅप्टननं खुल्या चॅनेलवर मदत मागितली. पलीकडून पहिल्यांदाच आवाज आला.

"सर्जन आहे. पोझिशन सांगा."

हद्द कुणाची, हे कुणी विचारलं नाही. त्यांचं जहाज बर्फ फोडत आमच्याजवळ आलं. पाठीवर बॅग घेऊन एक पन्नाशीची बाई शिडी चढून आली. मेसच्या टेबलावर तिनं ऑपरेशन केलं. दिवा मी धरला होता. तिचं इंग्रजी मोजकं. "वर. अजून वर. गुड."

दुपारी तिनं हातमोजे काढले. रेमीच्या कपाळावरचे केस बाजूला केले आणि चादर त्याच्या चेहऱ्यावर ओढली.

ती परतल्यावर त्यांच्या जहाजानं झेंडा अर्ध्यावर उतरवला. आमचा आधीच उतरला होता.

२००८मध्ये मी सर्व्हिस सोडली आणि लुइझियानाला गेले. एका दिवसासाठीच. रेमीच्या आईनं दार उघडलं, बसवलं. तो डेकवर कसा चालायचा, काय खायचा, कशावर हसायचा, सगळं विचारलं. संध्याकाळी मी निघायला उठले.

तिनं माझा हात धरला. "मी शेवटचं पाहिलं त्यानंतर तू त्याला पाहिलंयस," ती म्हणाली. "अजून सांग ना."

मी पुन्हा बसले.