चौसष्ट बिल्ले आणि एक ठराव

बशीर मुलाणी यांनी बावीस वर्षांत हजारभर पिक्चर पाहिले, पण एकाचीही सुरुवात पाहिली नाही. कोरेगावच्या शिवकमल टॉकीजचं दार त्यांच्या ताब्यात होतं. पहिली वीस मिनिटं उशिरा येणाऱ्यांची तिकिटं फाडण्यात जात. नायकाच्या बापाला कोणी मारलं, हे त्यांना कधी नीट कळलं नाही. बदला घेतलेला मात्र दर वेळी दिसे.

मध्यंतरात चहाबिडीला बाहेर जाणाऱ्याच्या हातात बशीरभाई एक पत्र्याचा गोल बिल्ला ठेवत. बिल्ला परत द्यायचा आणि आत जायचं, एवढाच नियम. ज्यांना पिक्चर सोसवत नसे ते बाहेरूनच घरी जात. त्यांचे बिल्ले दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावरून आणि पानपट्टीवरून गोळा होत. मालक दादासो पेपरातलं परीक्षण वाचत नसत. शुक्रवारी पहिल्या खेळाच्या मध्यंतरानंतर ते दाराशी येत.

"किती भायेर ऱ्हायलं?"

"साठ."

"उतरवा."

या पद्धतीनं पुण्यात डोक्यावर घेतलेले कैक पिक्चर कोरेगावात रविवारही पाहू शकले नाहीत. बशीरभाईंचा आकडा कधी चुकला नाही आणि कधी फुगला नाही. एकदा एका वितरकाचा माणूस बिर्याणी खिलवून म्हणाला, दहा बिल्ले कमी सांगा. बशीरभाईंनी बिर्याणी खाल्ली आणि आकडा होता तोच सांगितला.

शहाण्णव सालापर्यंत गावात केबल घरोघरी पोचली आणि मध्यंतरात बाहेर जायलाच माणसं उरेनात. दादासो एक दिवस म्हणाले, "बशीरभाई, दिवाळीनंतर खुर्च्या काढतो. मंगल कार्यालय करतो. माणूस पिक्चर सोडंल, लगीन सोडत न्हाई." दार नसलेला बशीर मुलाणी कसा दिसेल, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

अशात सांगलीहून प्रा. प्रशांत आरवाडे यांचं पत्र आलं. ते वर्षभरापूर्वी कसल्याशा पाहणीसाठी येऊन दाराशी तासभर उभे राहिले होते. आता सांगलीत समीक्षकांचं एक दिवसाचं चर्चासत्र होतं: 'लोकप्रिय कला: प्रवाह आणि प्रवृत्ती'. तिथं 'सामान्य प्रेक्षकाचा प्रतिनिधी' म्हणून बशीरभाईंनी पाच मिनिटं बोलावं आणि येताना ते बिल्ले आणावेत, प्रदर्शनाच्या टेबलावर मांडू. शेवटी एक ठरावही होणार होता: छोट्या गावांतल्या टॉकीजचा करमणूक कर माफ करावा. ठरावाला पंचवीस प्रतिनिधींची हजेरी लागते, पण काळजी नसावी, साठाच्या वर येतात, असं सरांनी खाली लिहिलं होतं.

दादासोंनी पत्र दोनदा वाचलं. "सरकारला धाडणार म्हंत्यात. बरं, ठराव झाला तर एक वरीस थांबतो. जावा."

घरी बायको अख्तरबी इस्त्री करता करता म्हणाली, "तकरीर-भाषण करने बुलाए तुमको? घर में तो दो बात नहीं करते."

"बिल्ले दिखाने बुलाए," बशीरभाई म्हणाले आणि बिल्ल्यांची पिशवी उचलून सकाळच्या पॅसेंजरला बसले. बावीस वर्षांत रविवारी दार सोडायची ही पहिलीच वेळ.

सभागृहात चौसष्ट माणसं होती. बशीरभाईंनी ती बसायच्या आधी मोजली. पहिल्या वक्त्यांनी 'सामान्य प्रेक्षक: एक शोध' हा निबंध पाऊण तास वाचला. सामान्य प्रेक्षक तिसऱ्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसला होता, पण तो काही त्यांना सापडला नाही. दुसऱ्यांनी सांगितलं की जनतेची अभिरुची केबलनं बिघडवली. तिसऱ्यांनी सांगितलं की ती आधीपासूनच बिघडलेली होती, केबलनं फक्त उघडी पाडली. त्यावर दोघांत अर्धा तास वाद झाला आणि 'जनमानस' हा शब्द सतरा वेळा आला. आपण टॉकीजमध्ये तिकीट काढून शेवटचं कधी बसलो, हे मात्र कोणी सांगितलं नाही. दाढीवाले एक गृहस्थ म्हणाले की पिटातल्या शिट्टीत शोषितांचा विद्रोह असतो. बशीरभाईंच्या अनुभवात शिट्टीचं कारण बहुधा रीळ तुटणं हे होतं.

शेजारी बसलेल्या आरवाडे सरांनी हळूच विचारलं, "कसं वाटतंय?"

"रीळ लय लांब हाय, सर."

दीड वाजता अध्यक्षांनी जेवणाची सुट्टी जाहीर केली. मंडळी उठली, दाराकडे वळली, आणि बशीरभाईंचे पाय त्यांच्याआधी दाराशी पोचले. बावीस वर्षांची सवय. डोक्याला कुणी विचारतच नाही. पिशवी उघडली आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर एकेक बिल्ला पडू लागला. समीक्षकांनी तो निमूट घेतला, कारण त्यांना वाटलं हे जेवणाचं कूपन. एका बाईंनी तर "गोड काय आहे?" असंही विचारलं. वाढप्यांनी कुणाचाच बिल्ला मागितला नाही, तेव्हा मंडळींनी ते खिशात टाकले.

श्रीखंड होतं. त्यानंतर कुणाला तीनची गाडी होती, कुणाला मिरजेत मावशी. अडीच वाजता बशीरभाई दाराशी उभे राहून बिल्ले परत घेत होते. पावणेतीनला त्यांनी दार लावलं आणि पिशवीत हात घालून मोजलं.

मग त्यांचं नाव पुकारलं. आरवाडे सरांनी ओळख करून दिली, 'लोकाभिरुचीचा चालताबोलता तापमापक' असं काहीसं. बशीरभाई माईकपुढे गेले. रात्रभर पाठ केलेलं भाषण ऐनवेळी आठवेना. तोंडातून निघालं ते दर शुक्रवारी निघे तेच.

"इंटरवलला चौसष्ट भायेर ग्येलं. अकरा परत आलं." ते थांबले आणि सवयीनं निकालही देऊन टाकला. "पिक्चर उतरवाय लागंल, सायेब."

अकरांपैकी नऊजण मोकळेपणानं हसले. एकानं टाळी दिली. पुढच्या खुर्चीतले वयस्क समीक्षक मात्र हसले नाहीत. सकाळचा पाऊण तासाचा निबंध त्यांचा होता. ते उठले.

"अध्यक्ष महाराज, सभागृहात अकराच प्रतिनिधी आहेत हे आता जाहीर झालेलं आहे. नियमानुसार ठरावाला पंचवीस लागतात. ठराव घेता येणार नाही."

आरवाडे सर घाईनं व्यासपीठाच्या कडेला आले. "अहो बशीरभाई, कोण मोजत होतं? मी कागदावर चाळीस लिहिणार होतो! तुम्ही अंदाजे सांगा की. तीसेक असतील ना?"

बशीरभाईंना एकाच वेळी दोन गोष्टी दिसल्या: खुर्च्या काढलेली टॉकीज आणि हातातली पिशवी. तीस म्हटलं असतं तर दार राहिलं असतं. त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

"अकरा हायेत, सर. मी मोजल्यात."

ठराव पुढच्या वर्षाच्या चर्चासत्राकडे 'अभ्यासार्थ' पाठवण्यात आला.

कोरेगावला दादासो टॉकीजच्या पायरीवरच बसले होते. "झाला?"

"न्हाई."

"किती भायेर ऱ्हायलं?"

"त्रेपन्न. बिल्लेबी ग्येलं."

"मग आता काय," दादासो म्हणाले. "दिवाळीनंतर सुतार बोलावतो."

मार्च महिन्यात एका त्रैमासिकात दाढीवाल्यांचा लेख आला. 'न परतलेला बिल्ला हे समकालीन प्रेक्षकाच्या आत्मविस्मृतीचं चिन्ह होय,' असं त्यात होतं. सोबत बिल्ल्याचा फोटो होता, नंबर एकोणचाळीस. तो त्यांनी परत केला नव्हता; जेवणानंतर तेही परतले नव्हते.

शिवकमल मंगल कार्यालयाच्या दारात बशीरभाई आता गुलाबपाण्याची झारी घेऊन उभे असतात. दादासोंनी दार बदललं, माणूस बदलला नाही. मागच्या वैशाखात आरवाडे सर एका विद्यार्थ्याच्या लग्नाला आले होते. ओशाळून म्हणाले, "बशीरभाई, तो ठराव व्हायला हवा होता हो. चुकलंच कुठंतरी."

बशीरभाईंनी त्यांच्या मनगटावर गुलाबपाणी शिंपडलं आणि आत भरलेल्या मांडवाकडे पाहिलं. मंगलाष्टकं चौथ्या कडव्यात होती, मुलं रडत होती, पंखे बंद पडले होते, आणि एकही माणूस दाराकडे फिरकत नव्हता.

"आवं, ह्या लोकांचं बघा की. आदी अक्षता, मग पंगत. म्हनून मानूस थांबतो." त्यांनी झारी दुसऱ्या हातात घेतली. "तुमी श्रीखंड आदी वाढलंसा."