वाचून दाखवल्यानंतरची ओळ

दसरूजी सयाम एका मंगळवारी सकाळी गेले. अड्याळहून त्यांच्या सुनेचा, सुनंदाचा, फोन आला. "काका, बाबा गेले," ती म्हणाली. मी भंडाऱ्यात घरी होतो. टेबलावर त्यांच्या पाक्षिकाचं प्रूफ होतं. मी पेन बंद केलं आणि बसस्टँडवर गेलो.

त्याला आता दोन महिने होत आले. एका दैनिकाच्या पुरवणीसाठी त्यांच्यावर लिहा, असं तिथल्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी होकार दिला आणि मग बरेच दिवस काहीच लिहिलं नाही. त्याचं कारण या लेखातच आहे, आणि त्याशिवाय हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

मी मूळचा मोहाडीचा. आमच्या घरात माग होते, मी मात्र पुस्तकांत रमलो आणि भंडाऱ्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल म्हणून आयुष्य काढलं. तिथेच एका दुपारी सायकलला खाकी पिशवी अडकवलेला एक माणूस आला. चप्पल दाराबाहेर काढून, काउंटरपाशी उभा राहून त्याने विचारलं, "भाऊ, आरोपी अन् गुन्हेगार, यातला फरक कोण्या पुस्तकात भेटन?" मी शब्दकोश काढून दिला. नोंद दोनदा वाचून ते म्हणाले, "आमच्या एका पोराले जंगलखात्यानं पकडलं. पेपरवाल्यानं सरळ गुन्हेगार लिहून टाकलं. अजून कोर्टाची तारीख बी नाई लागली." कोश परत करताना त्यांनी पान अलगद मिटलं. नंतर कळलं की हे दसरूजी, अड्याळकडच्या गावांत टपाल वाटतात, गोंड समाजातले आहेत, आणि आपल्या लोकांच्या बातम्या आपणच लिहाव्यात म्हणून चार पानांचं एक पाक्षिक काढायच्या खटपटीत आहेत.

ते पाक्षिक निघालं. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका छापखान्यात, पत्रिकांचा हंगाम सोडून उरलेल्या वेळात ते छापलं जाई. लिहिणारे सगळे त्या त्या गावचे. कोणी अंगणवाडीसेविका, कोणी मोहफुलं वेचणारी बाई, कोणी बारावी करून शेतीत परतलेला. बाहेरचा असा मी एकटाच. माझं काम दसरूजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "तुम्ही शुद्धलेखन पाहा, भाऊ. बातमी आम्ही पाहू." ते हसून म्हणाले आणि मीही हसलो. ती रेघ होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांची कामाची पद्धत मी आणखी कुठे पाहिली नाही. गावात पहिल्या दिवशी वही काढायची नाही. पाणी प्यायचं, बसायचं, ऐकायचं, परत यायचं. दुसऱ्या वेळी वही. तिसऱ्या वेळी लिहिलेली बातमी ज्यांची असेल त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायची, ते म्हणतील ते काढायचं, आणि मगच ती छापखान्यात द्यायची. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. टपाल वाटताना ज्यांना वाचता येत नसे त्यांची पत्रं तेच वाचून दाखवत. जावयाची तक्रार, मुलाचं नापास होणं, कोर्टाचा कागद, सगळं त्यांच्या तोंडून त्या घरात पोहोचे. शेजाऱ्याने ओट्यावरून "काय लिहलं जी?" असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "ज्याचा कागद त्याले विचारा." बातमीही त्यांना तशीच वाटे... कुणाच्या तरी मालकीची. या सगळ्यात पंधरा-वीस दिवस जात. मी एकदा चिडवलं, "दसरूजी, तुमची बातमी पोहोचेपर्यंत शिळी होते." ते म्हणाले, "शिळी चालते, भाऊ. नासकी नाई पाह्यजे."

एकदा शहरातून एका मोठ्या दैनिकाचा वार्ताहर आला होता. त्याला रेशन न मिळालेल्या म्हातारीचा फोटो हवा होता. दसरूजी त्याला घेऊन गेले, मीही सोबत होतो. म्हातारी अंगण सारवत होती, लुगडं फाटकं, हात शेणाने भरलेले. कॅमेरा पाहून म्हणाली, "थांब बाबू, मी लुगडं बदलून येतो." वार्ताहर म्हणाला, "नको आजी, असंच छान आहे." दसरूजी म्हातारी आणि कॅमेरा यांच्या मधे जाऊन उभे राहिले. वार्ताहर वैतागला, "अहो, बाजूला व्हा ना." "ते कपडे बदलून राहिली," दसरूजी म्हणाले, "मी इथं उभा नाई राहणार तं कुठं राहू?" अर्ध्या तासाने ती न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून, गळ्यात होतं नव्हतं ते घालून आली आणि ताठ बसली. तो फोटो दैनिकात आला नाही. दसरूजींच्या अंकात पहिल्या पानावर आला, खाली एवढंच लिहिलेलं होतं की या आजींना चार महिने रेशन मिळालेलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

पवनी तालुक्याच्या जंगलाकडच्या एका गावात दसरूजींचं आजोळ. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांच्या देवाचं ठाणं जंगलात आहे. रोपवनासाठी कुंपण घालायचं ठरलं आणि ठाण्याकडे जायची वाट त्यात अडकणार, असं दिसू लागलं. गावाने दसरूजींना बोलावलं. आमचं म्हणणं छापा, पण ठाणं कुठे आहे ते लिहू नका आणि फोटो घेऊ नका, असं सांगितलं. तीन वेळा जाऊन दसरूजींनी बातमी तयार केली, गावाला वाचून दाखवली आणि मजकूर माझ्याकडे पाठवला.

मला ती कच्ची वाटली. "गावाजवळच्या जंगलात" एवढ्यावर कोण विश्वास ठेवणार? वृत्तलेखनाच्या पुस्तकांत कुठे, केव्हा, कोणी हे आधी येतं, आणि मी ती पुस्तकं वाचलेला माणूस. शिवाय दसरूजींबरोबर एकदा मी त्या वाटेने गेलो होतो. त्यांच्या बाजूनेच, त्यांची बाजू बळकट व्हावी म्हणून, मी प्रुफात एक ओळ घातली. बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवरून कुठल्या दिशेला वळायचं आणि कोणत्या झाडांच्या मागे ठाणं आहे, ते सांगणारी. दसरूजींना विचारलं नाही. छापखाना घाईत होता, एवढं एक कारण माझ्यापाशी होतं.

अंक निघाल्यावर काही दिवसांत शहरातली काही मुलं मोटारसायकलींवर तिथे गेली. बूट घालून आत शिरली, मोबाइलवर चित्रण केलं आणि सगळीकडे पाठवलं. ती गेल्यावर ठाण्यातली एक वस्तू जागेवर नव्हती. कोणती, ते मी सांगणार नाही.

गावाने दसरूजींना बोलावलं. ओट्यावर सगळे बसले आणि विचारलं, ही ओळ कोणी लिहिली. ते म्हणाले, "अंक माझा आहे." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. तेव्हा गावाने ठरवलं की हा अंक गावात येणार नाही, आणि दसरूही नाही. ज्या गावात ते लहानाचे मोठे झाले, जिथल्या पूजेला दरवर्षी ते सगळ्यांच्या आधी पोहोचत, तिथली वाट त्यांना बंद झाली.

त्यांनी मला हे वाचनालयात येऊन सांगितलं. आवाज चढला नाही. मी म्हणालो, "मी जातो, मी सांगतो त्यांना." ते म्हणाले, "नको. तुमचं नाव घेतलं तं म्हणतीन, बाहेरच्यानं केलं. मंग मी सुटलो. असं सोपं नाई ते. बाहेरच्याच्या हाती प्रूफ कोणं देलं?" पुढच्या अंकात त्यांनी पहिल्या पानावर माफी छापली, खाली फक्त स्वतःचं नाव. आणि मला प्रूफ पाठवणं थांबवलं नाही.

मला त्या वेळी काय वाटलं? वाईट वाटलं, हे खरं. पण त्याहून आधी सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं. त्यांनीच नको म्हटलं, या आधारावर मी सात वर्षं गप्प बसलो. या सात वर्षांत त्यांचे मामा गेले, तेव्हा ते गावाच्या शिवेपर्यंत जाऊन परत आले. पूजेच्या दिवशी ते माझ्याकडे येत, दिवसभर वाचनालयात बसत, जुने अंक चाळत. मी चहा मागवत असे. आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो...

त्यांच्या मातीला आजोळचं कोणी आलं नाही. काही दिवसांनी सुनंदा माझ्याकडे आली. पाक्षिक आता तीच चालवते. म्हणाली, "काका, बाबा नाई म्हणत होते म्हणून मी बी कधी बोलली नाई. पण आता ते नाईत. आता तरी तुम्ही जाऊन सांगान का?"

गेलो. तिच्यासोबत, वही न घेता. दसरूजींचे मामेभाऊ चैतरामजी त्या गावातले वडीलधारे, सात वर्षांपूर्वीही ओट्यावर मधोमध तेच बसले होते. पाणी आलं. मी ते हातात धरून सगळं सांगितलं. माझं बोलणं संपल्यावर ते म्हणाले, "आम्हाले मालूम होतं."

मी हातातलं पाणी खाली ठेवलं.

"इथंच वाचली होती ना त्यानं बातमी," ते म्हणाले. "पंधरा-वीस जण बसलो होतो. तवा ती ओळ नोहोती. छापून आली तवा होती. मंग मधात कोणं तरी घातली, हे कळाले का मॅट्रिक व्हा लागते?"

"मग त्यांना का..."

"तो म्हणे अंक माझा. बरोबर होतं त्याचं, अंक त्याचाच होता. आम्ही म्हटलं, ठीक आहे. ओळ ज्याची आहे तो येईन कवा तरी. दोघायले संगंच बसवू, अन् मोकळं करू." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भंडारा काई दूर नाई, भाऊ. एसटी रोज येते."

मागे बसलेली एक बाई पदराआड हसली आणि मग हसायची थांबली.

दसरूजींची समजूत होती की माझं नाव सांगितलं तर त्यांची जबाबदारी सुटेल. गाव थांबलं होतं ते माझ्या जबाबदारीसाठी. दोघांचंही बरोबर होतं, आणि दोघांच्या मधे मी होतो. मी एका बसचं तिकीट काढलं असतं तर हा माणूस शेवटची सात वर्षं आपल्या आजोळच्या पूजेला उभा राहिला असता.

हा लेख मी दोनदा वाचून दाखवला आहे. आधी अड्याळला दसरूजींच्या पत्नीला आणि सुनंदाला, मग त्या ओट्यावर. पत्नीने त्यांच्या आजारपणाचा परिच्छेद काढायला सांगितला. गावाने दोन ओळी काढायला सांगितल्या, त्या चांगल्या जमल्या होत्या. मी का, असं विचारलं नाही. बसच्या तिकिटाचं वाक्य मात्र चैतरामजींनी पुन्हा वाचायला लावलं आणि म्हणाले, "हे राहू द्या."

अंक त्या गावात परत जाऊ लागला आहे. सुनंदा घेऊन जाते. मी अजूनही शुद्धलेखन पाहतो. दसरूजींचं आजोळी जाणं राहून गेलं.