भीमसिंगमामांचा जोडीदार

नंदुरबारच्या एका कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात भीमसिंगमामा इंजिन सांभाळायचे. मूळचे कोरीटचे. गळा असा दणदणीत की चालत्या इंजिनावरूनही त्यांची हाक फाटकापर्यंत पोचायची. पण गड्याला खरं वेड टेनिसचं. जिनाच्या मालकाने मागच्या अंगणात मुरूम ठोकून, शेणाने सारवून कोर्ट केलं होतं. कापसाचा हंगाम उरकला की तिथे गावातल्या जोड्यांचे सामने लागत. मामा धोतराचा काचा मारून उतरत, अंतिम सामन्यापर्यंत जात आणि हरत. असं तीन वर्षं चाललं. त्यात उजवा गुडघा बोलायला लागला. एकोणीसशे छत्तीस साली त्यांनी जाहीरच केलं, "हाई शेवटलं वरीस. आवंदा कप घर लई जासू!"

आणि नेमका त्यांचा जोडीदार बदली होऊन भुसावळला गेला. गावात दुसरा मोकळा खेळाडू एकच, त्यांचा जावई नवल. पोरगा कळसाडीचा, धुळ्याला शिकताना टेनिस शिकलेला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

इथेच घोटाळा झाला. आमच्याकडे जावई दारात आला की सासरा बाजेवरून उठतो, आणि जावई सासऱ्यापुढे मान वर करत नाही. ही रीत दोघांनी कोर्टावरही नेली. चेंडू दोघांच्या मधे आला की नवल मागे सरे, "मामा, तुम्हीन ल्या." मामा हात जोडायचेच बाकी, "नई नई, जवाई, तुम्हीन ल्या." तोवर चेंडू टप्पे खात कुंपणाला टेकलेला असे. आम्ही बघणारे पोट धरधरून हसायचो.

सुरुवातीच्या जोड्या लेच्यापेच्या, म्हणून हे निभावलं. अंतिम सामन्यातली रेल्वेची जोडी मात्र बेरकी. त्यांनी हे बरोबर हेरलं आणि प्रत्येक चेंडू मधोमध मारू लागले. पहिला सेट गेला. दुसरा मामांनी लंगडत, घामाने निथळत कसाबसा ओढून आणला. तिसऱ्यात पुन्हा तेच सौजन्य सुरू. कप डोळ्यांदेखत निघाला होता. पुढचा चेंडू मधे आला, नवल अदबीने थांबला, आणि मामांचा तोल सुटला.

"अरे गधडा! उभा काय ऱ्हायना? मार ना!"

मामी कौसाबाईंनी डोक्यावरचा पदर तोंडावर ओढला. भर गावात जावयाला गधडा! नवलने मात्र मान खाली घालून पुढचा चेंडू असा हाणला की रेल्वेवाले बघतच राहिले. मग तो थांबलाच नाही. मधला, कडेचा, मामांच्या नाकासमोरचा, सगळे चेंडू त्याने घेतले. सेट जिंकला, सामना जिंकला.

लोकांनी कप मामांच्या हातात दिला. मामांनी तो खाली ठेवला. चेहरा पार उतरलेला. पोरीच्या संसारात आपण काय विष कालवून ठेवलं, या धास्तीने त्यांना जिंकल्याचं सुखच लागेना. ते नवलपुढे हात जोडून उभे राहिले. "जवाई, चुकी व्हयनी. माफी करा."

नवलचे डोळे भरले होते आणि तो हसत होता.

"मामा, मन्हा बाप मरना तवयपासून माले कोन्हीच गधडा म्हनं नई."

मामांनी त्याला सर्वांदेखत छातीशी धरलं. "मंग आते रोज म्हनसू," ते म्हणाले, "चाल घर, गधडा."