ढालीमागचे मामा

माणूस पोटभर जेवला की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या माणसाला मुळीच नाही, असं मनापासून मानणारे एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिले, ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. नोकरी त्यांनी खडकीच्या एका कारखान्यात केली, पण ती आपली महिन्याच्या पगारासाठी. त्यांचं खरं काम वाढप्याचं. नात्यातलं लग्न असो, मुंज असो, बारसं असो, मामा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, खांद्यावर पंचा टाकून पंगतीत शिरायचे आणि कोणाच्या पानात काय संपत आलंय हे त्या माणसाच्या आधी त्यांना कळायचं. तोंडाने सारखं "आलो, आलो" चालू. कोणी हाक मारलेलीच नसायची, तरी हे आलो, आलो. माझ्याच लग्नात मी अगदी गळ्याशी आल्यावर पानावर आडवा हात धरला, तर मामांनी तो हात अलगद उचलला, खाली जिलबी वाढली, आणि हात होता तिथे परत ठेवून पुढच्या पानाकडे गेले. वाढपी शेवटच्या पंगतीला बसतात. मामा तिथेही इतरांना वाढूनच मग काय तो भात-आमटीचा तळ खायचे.

मग पुण्यात आयटी आलं, लोकांच्या हातात पैसा आला आणि त्याच्या पाठोपाठ बुफे आला. माणसं हातात ताटली घेऊन रांगेत उभी राहू लागली आणि मामा बेकार झाले. निवृत्त झाल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, हे मात्र लागलं. विश्रांतवाडीच्या एका कार्यालयात त्यांनी केटररच्या माणसाकडून डाव काढून घेतला आणि येईल त्याच्या ताटलीत मसालेभात घालायला सुरुवात केली. ज्यांना नको होता त्यांनाही घातला. शेवटी मॅनेजरने "काका, आपण बसा ना आरामात" म्हणत त्यांना पंख्याखाली खुर्चीवर नेऊन बसवलं. लग्नकार्यात मामा बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. फार वाईट दिसत होतं ते.

आता थोडं माझ्याबद्दल सांगायला हवं. थोडंच आहे, त्यामुळे लवकर आटपेल. मी मागे उभा राहणारा माणूस आहे. ग्रुप फोटोत माझं फक्त कपाळ येतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी दाराजवळची खुर्ची धरतो. स्वारगेटला "आपण आधी, आपण आधी" म्हणत मी भरलेल्या बसेस जाऊ दिल्या आहेत आणि मग रिक्षाने घरी आलो आहे. संगणकावर आम्ही ऑफिसचे चारजण जो खेळ खेळायचो, त्यातही मी लांबून बाण मारणारा. खेळ साधा आहे. पाचजणांनी मिळून गुहेत शिरायचं. एकजण ढाल घेऊन सगळ्यांत पुढे राहतो, राक्षसाला आपल्या अंगावर घेतो, त्याला म्हणतात टँक. एकजण मागे राहून जखमी झालेल्यांना बरं करतो, तो हीलर. बाकीचे राक्षसाला मारतात. टँक चुकला तर सगळे मरतात आणि सगळ्यांना कळतं की कोणामुळे मेलो. बाण मारणारा चुकला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. मला दुसरा धंदा जन्मजात जमत होता.

मामांच्या घराला रंग लागत होता म्हणून ते आठवडाभर आमच्याकडे राहायला आले होते. मी खेळत होतो आणि ते शेजारी बसून पडद्याकडे बघत होते. म्हणाले, "या हिरव्या पट्ट्या कसल्या हो?"

"प्रत्येकाचा जीव, मामा. मार बसला की कमी होते."

"मग त्या पुढच्याची संपत आलीये. कोणाचं लक्ष आहे का नाही?"

नव्हतंच. आमचा हीलर चहा आणायला गेला होता. मामा इतके अस्वस्थ झाले की मी माझा जुना लॅपटॉप त्यांना लावून दिला, आणि पुढच्या आठवड्यात आमचा हीलर आपण होऊन बाण मारायला लागला, कारण मामांनी त्याला काम उरूच दिलं नाही. सुरुवातीला मामा पंगतीच्या शिस्तीने वाढायचे. पहिल्यापासून सुरुवात, मग दुसरा, मग तिसरा, भूक असो वा नसो. त्यात टँक मरायचा. आमचा टँक म्हणजे माझा अमरावतीचा सहकारी, मोठा दिलदार माणूस. तो ओरडायचा, "मामाजी, पहिले मले द्या ना, मी मरून राह्यलो इथं!" मग मामांना उमगलं. प्रत्येक पंगतीत एक खवय्या असतो, बाकीच्यांवर नजर ठेवायची, पण परात घेऊन उभं राहायचं ते त्याच्यासमोर. त्यानंतर आम्ही क्वचितच मेलो. मामा तो लॅपटॉप आपल्या घरी घेऊन गेले, रोज संध्याकाळी सातला हेडफोनमधून "आलो, आलो" ऐकू यायला लागलं, आणि मामी म्हणाल्या की हे पुन्हा जेवताना गप्पा मारायला लागलेत.

अमरावतीकराला कंपनीने अमेरिकेला पाठवलं आणि आमची पंगत मोडायची वेळ आली. आम्ही बाहेरचे अनोळखी टँक घेऊन पाहिले, पण मामा त्यांना "सावकाश होऊ द्या" वगैरे म्हणायचे, आणि ती मंडळी अर्ध्यातून निघून जायची. राहता राहिलो मी. अमरावतीकर फोनवर म्हणाला, "काऊन एवढा घाबरून राह्यला? ढाल घे न् चाल." त्याचं काय जातंय! मी व्हिडिओ पाहिले, दोन दिवस डोकं दुखतं म्हणून खेळायचं टाळलं, आणि तिसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला मामांना फोन केला की आमच्याकडे लाइट गेलीये, आज गुरुवार ना, दर गुरुवारी जातेच. मामा म्हणाले, "आज मंगळवार आहे, जावईबापू." एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने मी चोरून खेळात डोकावलो, तर मामांचा तो पांढऱ्या झग्यातला हीलर गुहेच्या दाराशी एकटाच उभा होता. मला ती पंख्याखालची खुर्ची आठवली. मी बायकोला म्हटलं, "उद्या मी पुढे होतो." ती म्हणाली, "लिहून देतोस का?"

दुसऱ्या दिवशी मी हातपाय धुऊन, देवाला नमस्कार करून बसलो. ढाल घेतली, छाती पुढे काढली, सगळ्यांना घेऊन गुहेच्या दाराशी आलो, आणि सवयीने बाजूला होऊन बाकीच्यांना आधी आत जाऊ दिलं. आत राक्षस होता. सगळे मेल्यावर बायकोने विचारलं, "तू दार धरायला गेला होतास का?" पुढच्या खेपेला मी आत शिरलो, पण चुकीच्या बोळात, आणि तिथे कोणाच्या अध्यात ना मध्यात नसलेला एक राक्षस झोपला होता त्याला उठवलं. मरता मरता मी "सॉरी, सॉरी" म्हणत होतो. मेल्यावरही म्हणत होतो. मग हेडफोनमधून मामांचा आवाज आला, "जावईबापू, पान रिकामं पडलं तर नाव वाढप्याचं खराब होतं, जेवणाऱ्याचं नाही. तुम्ही नुसते बसून राहा. उठायचं तेवढं नाही. बाकी माझ्याकडे."

भीती गेली असं खोटं सांगणार नाही. आजही गुहेच्या दारात मी आधी बाजूला व्हायला बघतो. पण त्या दिवसापासून मी पानावर बसल्यासारखा राक्षसासमोर बसायला लागलो. मार खाऊन पट्टी अर्ध्यावर आली की मागून "आलो, आलो" यायचं आणि पट्टी भरायची. कधीकधी भरलेली असताना वर आणखी भरायची. मी म्हणायचो, "पुरे मामा," आणि मामा म्हणायचे, "एवढंसं घ्या हो." अशी काही वर्षं फार मजेत गेली.

मग मामांचा हात थरथरायला लागला. ते सांगत नव्हते, पण माझ्या पट्टीवरून मला कळत होतं. वाढप उशिरा यायचं, कधी भलत्याच्या पानात पडायचं. एका रविवारी आमचे दोघे आले नव्हते म्हणून बाहेरचे तीन तरुण बरोबर घेतले होते. मी लागोपाठ मेलो आणि माझ्यामागे सगळे मेले. त्यातला एक चिडून बोलला, "हीलर झोपलाय का भाई? काढा ना त्याला." मामांचं "आलो, आलो" मध्येच थांबलं.

मी म्हटलं, "हीलरची चूक नाही. मी न सांगता पुढे पळालो. काय बोलायचं ते मला बोला." तो बोललाच. मराठी, हिंदी, इंग्रजी, जे जे त्याला येत होतं त्यात बोलला. मी "बरोबर आहे, बरोबर आहे" म्हणत राहिलो आणि तो निघून जाईपर्यंत जागचा हललो नाही.

मग मामांचा फोन आला. "तुम्ही पळाला नव्हतात. मी बघत होतो."

मी विचारलं, उद्या सातलाच ना?

"आता मीच शेवटच्या पंगतीला बसावं म्हणतो," मामा म्हणाले.

हल्ली ते रविवारी आमच्याकडे येतात आणि मी खेळत असलो की शेजारी बसतात. मागे कोणी अनोळखी हीलर असतो. त्याला उशीर झाला की मामांची बोटं टेबलावर हलतात, तोंडाने मात्र ते अवाक्षर काढत नाहीत. खेळ संपला की मी त्यांना पानावर बसवतो. गेल्या रविवारी जिलबी आणली होती. मी वाढायला गेलो तर मामांनी ताटावर आडवा हात धरला. मी तो थरथरता हात अलगद उचलला, खाली जिलबी वाढली, आणि हात होता तिथे परत ठेवला. मामा म्हणाले, "जिलबी उजवीकडे वाढतात, जावईबापू," आणि मान खाली घालून जेवू लागले.